खिरीचं दूध आणि दोन मापं

यंदा बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीतल्या विहारात खिरीची तयारी चालली होती. डेअरीतून दुधाचे कॅन आले होते. बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात बारावीला असलेली एक मुलगी मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, "सिस्टर, हे वाचा. युरोपात दुधात एका विषाचं जेवढं प्रमाण चालतं, त्याच्या दहापट आपल्याकडे चालतं म्हणे."

सूप हातात धरलेली एक मावशी थांबली. तिची दोन नातवंडं शेजारीच खेळत होती. ती म्हणाली, "म्हंजी त्यांच्या लेकरांना एक माप अन् आमच्या लेकरांना दुसरं? आमची लेकरं काय दगडाची हायेत व्हय?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी पंधरा वर्षं परिचारिका म्हणून वॉर्डात काम केलं आहे. पोटात पाणी झालेले, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले यकृताच्या कर्करोगाचे पेशंट मी पाहिले आहेत. त्यातल्या काहींच्या बायका हात जोडून सांगायच्या, "सिस्टर, यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही हो." त्या खोटं बोलत नव्हत्या. यकृत बिघडायला दारूच लागते असं नाही. कावीळ-बी लागते, आणि कधीकधी रोजच्या जेवणातलं न दिसणारं विषही लागतं. मुलीने वाचलेली बातमी त्याच विषाची होती.

वाचकहो, बातमीतला आकडा खरा आहे. पण आकड्यामागे काय आहे, तो कोणी ठरवला, आणि त्या हिशोबात आपलं ताट धरलं आहे की नाही, हे समजून घेतल्याशिवाय नुसतं घाबरून उपयोग नाही. त्यासाठी हा लेख.

हे विष कोणतं?

त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. शेंगदाणा, मका, सरकी, सुकी मिरची अशा मालाला ओल लागली की त्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरते. ती बुरशी हे विष तयार करते. वरची बुरशी झटकली तरी विष दाण्यात राहतं. भाजलं, शिजवलं तर थोडं कमी होतं, पण संपत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात ठेवलं आहे. माणसाला कर्करोग होतो याचा पक्का पुरावा ज्या गोष्टींबद्दल आहे, त्यांचा तो गट.

मग ते दुधात कुठून येतं? गाई-म्हशीच्या दावणीतून. बुरशी लागलेली पेंड, ओला मका, नीट न दाबलेला मुरघास जनावराच्या पोटात गेला, की त्यातल्या विषाचा थोडा भाग रूप बदलून दुधात उतरतो. त्याला अफ्लाटॉक्सिन एम-१ म्हणतात. दूध कितीही उकळा, आटवा, विरजण लावा, ते जात नाही. मात्र जनावराचं खाद्य बदललं, की साधारण तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होऊ लागतं. म्हणजे या रोगाचं औषध चुलीवर नाही, गोठ्यात आहे.

आपला अहिल्यानगर जिल्हा राज्यातल्या सर्वाधिक दूध देणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. आपल्यातल्या अनेक घरांत एखादी गाय आहे, नाहीतर कोणाच्या तरी गोठ्यावर घरातलं माणूस कामाला आहे. म्हणून हा विषय आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू होतो.

टर्कीच्या मरणापासून पंचमहालच्या मक्यापर्यंत

हे विष सापडलं १९६० साली इंग्लंडमध्ये. तिथे टर्की नावाच्या मोठ्या कोंबडीसारख्या पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्लं पटापट मेली. रोग कळेना. शेवटी शोध लागला, की ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत दोष होता. एका देशात पिकलेली शेंग, दुसऱ्या देशातली दावण. एका देशाने आपल्यापुरतं पाहून भागणार नाही, हे तेव्हाच दिसलं.

माणसांवरचा मोठा घाला आपल्या शेजारीच पडला. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत दीडशेहून अधिक गावांत कावीळ पसरली. पोटात पाणी होऊन माणसं दगावू लागली. घरातली कुत्रीही तशीच मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे शास्त्रज्ञ गावागावांत गेले. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, मका भिजला होता आणि तसाच घरात साठवला होता. गरीब आदिवासी कुटुंबांकडे खायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी तोच मका खाल्ला. ३९७ लोक आजारी पडले, त्यातले १०६ मेले.

त्या मृत्यूंची नोंद झाली. १९७५ साली ती इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि जगभरच्या तज्ज्ञांनी अफ्लाटॉक्सिनचा विचार करताना ती पुढ्यात घेतली. २००४ साली केनियात असाच मका खाऊन १२५ माणसं गेली, तेव्हा हा अनुभव जगाजवळ होता. ज्यांना जिवंतपणी कोणी विचारलं नाही, त्यांच्या मरणाने जगाला शिकवलं. पण शहाण्या व्यवस्थेने मरणाची वाट पाहायची नसते. त्याआधीच मोजायचं असतं. त्या मोजण्याला म्हणतात जोखीम मूल्यमापन.

चार पायऱ्या, आणि त्या सगळ्या देशांनी मिळून का चढायच्या

नाव जड आहे, रीत सोपी आहे. शेंगदाण्याच्या चटणीवरून पाहू.

पहिली पायरी : यात घातक काय आहे? उत्तर, बुरशीचं विष.

दुसरी पायरी : किती पोटात गेलं तर किती इजा होते? आणि कोणाला जास्त होते?

तिसरी पायरी : लोकांच्या पोटात प्रत्यक्षात किती जातं? चटणीत विष किती, आणि माणूस ती चटणी रोज किती खातो?

चौथी पायरी : वरचं सगळं एकत्र करून, एवढ्या लोकसंख्येत किती जणांना आजार होईल?

साप जंगलात आहे हा धोका. तो आपल्या पायाखाली यायची शक्यता किती, ही जोखीम. धोका सगळ्यांना सारखा असतो, जोखीम सारखी नसते. अनवाणी चालणाऱ्याची जोखीम बूट घालणाऱ्यापेक्षा जास्त असते.

दुसऱ्या पायरीचं काम एकट्या देशाला झेपत नाही. त्याला प्रयोगशाळा लागतात, वर्षानुवर्षं माणसांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणून संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९५६ साली मिळून एक तज्ज्ञ समिती नेमली. तिला जेक्फा म्हणतात. पिकांवरच्या औषधांच्या अंशांसाठी जेएमपीआर नावाची तशीच बैठक १९६३ पासून भरते. तिथले तज्ज्ञ आपल्या सरकारचे वकील म्हणून बसत नाहीत, जाणकार म्हणून बसतात. हे झालं मोजणाऱ्यांचं काम.

मोजून झाल्यावर मर्यादा ठरवण्याचं काम वेगळं असतं. ते कोडेक्स नावाची संस्था करते. ती १९६३ पासून आहे आणि तिथे देशांची सरकारं बसतात. भारतही तिचा सदस्य आहे. भारतातर्फे हे काम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण पाहतं. आपण पाकिटावर एफएसएसएआय अशी अक्षरं पाहतो, तीच ही संस्था. युरोपात असंच मूल्यमापन करणारी संस्था २००२ साली उभी राहिली. शिवाय १९९५ च्या जागतिक व्यापार कराराने नियम घातला, की एखाद्या देशाला कोडेक्सपेक्षा कडक मर्यादा लावायची असेल तर त्यामागे शास्त्रीय मूल्यमापन दाखवावं लागेल. उगाच दुसऱ्याचा माल अडवता येणार नाही.

आता हा फरक नीट लक्षात घ्या. मोजतात शास्त्रज्ञ, मर्यादा ठरवतात सरकारं. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे.

एकच शास्त्र, दोन मापं

एक किलो दुधाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यात एम-१ चा अर्धा भाग चालेल, असं आपला कायदा म्हणतो. म्हणजे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. युरोपची मर्यादा आहे ०.०५. बरोबर दहापट कडक. पण अमेरिकेची मर्यादाही ०.५ आहे, आणि कोडेक्सचीही तीच. म्हणजे ही वाटणी गोऱ्या लेकरांची आणि आपल्या लेकरांची नाही. मावशीला मी पहिलं उत्तर हेच दिलं.

२००१ साली कोडेक्समध्ये यावरच वाद झाला. युरोपला ०.०५ हवं होतं, इतर अनेक देशांना ०.५. तेव्हा जेक्फाला सांगितलं, दोन्ही मापं लावून हिशोब करा. त्यांनी सगळ्या दुधात मर्यादेइतकं विष आहे असं वाईटातलं वाईट धरून हिशोब केला. निष्कर्ष निघाला, की दोन्ही मापांनी यकृताच्या कर्करोगाची जोखीम फार लहान आहे. कोडेक्सने ०.५ स्वीकारलं. युरोपने आपलं माप ठेवलं. त्यांचं म्हणणं, कर्करोग करणाऱ्या विषाला पूर्ण सुरक्षित अशी मात्रा नसते, म्हणून जितकं कमी करता येईल तितकं करा. त्यांना ते जमतंही, कारण दुभत्या जनावरांच्या तयार खाद्यात त्यांची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या पशुखाद्याच्या मानकात ती २० आहे.

पण त्याच निष्कर्षात एक वाक्य होतं, जे वर्तमानपत्रात कधी आलं नाही. ज्यांच्या रक्तात कावीळ-बी चे विषाणू कायमचे राहिले आहेत, त्यांना मात्र जेवणातलं हे विष कमी झालं तर फायदा होऊ शकतो. त्याआधी १९९८ साली याच समितीने अफ्लाटॉक्सिन बी-१ बद्दल सांगितलं होतं, की सारखीच मात्रा पोटात गेली तरी कावीळ-बी असलेल्या माणसाला यकृताचा कर्करोग होण्याची शक्यता नसलेल्यापेक्षा सुमारे तीसपट असते. तीसपट! दोन मापांतल्या दहापट फरकाची बातमी होते, आणि या तीसपट फरकाची होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना कावीळ-बी चा कायमचा संसर्ग होता. बहुतेकांना ते माहीतही नसतं.

म्हणून परिचारिका म्हणून मला वाटतं, की बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत दिलेली कावीळ-बी ची लस ही दुधाच्या कोणत्याही मर्यादेपेक्षा मोठी ढाल आहे. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

मर्यादा हलतेही

मर्यादा म्हणजे दगडावरची रेघ नाही. २०१२ साली युरोपच्या आग्नेय भागात दुष्काळ पडला. उभ्या मक्याला बुरशी लागली. २०१३ च्या मार्चमध्ये जर्मनीत सर्बियाहून आलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन सापडलं. तोवर तो मका पशुखाद्यात मिसळून लोअर सॅक्सनी भागातल्या हजारो गोठ्यांत गेला होता. युरोपीय देशांनी एकमेकांना धोक्याची सूचना देण्यासाठी १९७९ पासून एक व्यवस्था ठेवली आहे. एका देशाला काही सापडलं की ती सूचना लगेच सगळ्यांकडे जाते. जर्मनीने खाद्य कुठून कुठे गेलं ते शोधून काढलं आणि गोठ्यांचं दूध तपासेपर्यंत रोखून धरलं.

त्याच वर्षी सर्बियात दुधात ०.०५ पेक्षा जास्त विष सापडू लागलं, तेव्हा तिथल्या सरकारने मर्यादाच ०.५ केली. दूध तेच, गाय तीच, कागदावरचा आकडा बदलला आणि दूध पास झालं. शास्त्र बदललं नव्हतं, सरकारचा निर्णय बदलला होता. म्हणूनच मर्यादा ठरते तिथे लोकांचा आवाज पोहोचला पाहिजे.

द्राक्षांनी शिकवलेला धडा

आपल्या महाराष्ट्राला हा धडा द्राक्षांनी दिला. २००६ पासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक बागेची नोंद होते, माल प्रयोगशाळेत तपासला जातो, आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्या तपासणीवर लक्ष ठेवतं. तरी २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला मारतात ते औषध, शेतकरी त्याला लिहोसिन म्हणतात. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं! जे यादीत नाही ते कोणी शोधत नाही, आणि जे शोधत नाही ते सापडत नाही. कंटेनर बंदरात अडकले, शेतकरी आणि निर्यातदार कर्जात बुडाले. त्यानंतर ते औषध यादीत आलं.

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी बाया हंगामात द्राक्षबागेत विरळणीला, डिपिंगला जातात. त्यांचा प्रश्न मला दरवर्षी येतो : "तिकडून नाकारलेली द्राक्षं इथल्या बाजारात येतात, ती लेकरांना द्यायची का?" दुसऱ्या देशाची मर्यादा ओलांडली म्हणजे फळ लगेच विषारी झालं असं नसतं. त्यांच्याकडे ज्या औषधाला त्या पिकावर परवानगी नाही, त्याची मर्यादा बहुतेक वेळा यंत्राला मोजता येईल इतकी खाली धरलेली असते. पण प्रश्नाचा गाभा खरा आहे. परदेशी जाणारी पेटी बागेपासून बोटीपर्यंत तपासली जाते. हातगाडीवरच्या घडाची तशी नोंद नसते. आणि डिपिंगच्या बादलीत दिवसभर बुडालेले हात फळाच्या मर्यादेत धरलेलेच नसतात. मर्यादा खाणाऱ्याच्या पोटाचा विचार करून ठरते. फवारणाऱ्याचा, बुडवणाऱ्याचा विचार औषधाच्या नोंदणीच्या वेळी वेगळा होतो, आणि तो हातमोजे घातले आहेत असं धरून होतो. म्हणून मालकाकडे हातमोजे मागणं ही चैन नाही. तो त्या हिशोबाचाच भाग आहे.

या हिशोबात आपलं ताट कुठे आहे?

आता तिसऱ्या पायरीकडे परत येऊ : लोक खातात किती? ही पायरी आपल्याशिवाय पुरी होत नाही, आणि इथेच आपण गळतो.

सरासरी फसवी असते. दहा किलोचं लेकरू रोज दोनशे मिलिलिटर दूध पितं, तर त्याच्या किलोमागे वीस मिलिलिटर होतात. पन्नास किलोची आई चहापुरतं शंभर मिलिलिटर घेते, तिच्या किलोमागे दोनच. म्हणजे आईपेक्षा अर्धीमुर्धी लहान वाटणारी जोखीम लेकराला दहापट असते. तसंच शेंगदाण्याचं. सुखवस्तू घरात शेंगदाणा म्हणजे पोह्यावरचे चार दाणे. आपल्याकडे भाजी नसली की कुटाची आमटी, चटणी-भाकरी, महिन्याचे कितीतरी दिवस. शिवाय स्वस्त म्हणून आपण बारीक, सुरकुतलेले, डागी दाणे घेतो, आणि विष त्याच दाण्यांत जास्त असतं. सरासरी माणसाच्या ताटावर केलेला हिशोब आपल्या ताटाला पुरत नाही.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभर दुधाची पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. ६,४३२ नमुने घेतले. ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होतं. ७७ नमुन्यांत जनावरांना दिलेल्या प्रतिजैविक औषधांचे अंश मर्यादेबाहेर होते. युरिया, डिटर्जंट घालून भेसळ केलेले नमुने मात्र फक्त १२ निघाले. आपण भेसळीला घाबरतो, तर मोठा धोका पेंडीतून येत होता. आणि विशेष म्हणजे एम-१ चं प्रमाण सुट्या दुधापेक्षा पिशवीबंद दुधात जास्त आढळलं. पिशवी म्हणजे खात्री नाही. पण ही पाहणी झाली ती पन्नास हजारांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत. वाडीवरचं, छोट्या गावातलं दूध तिच्यात आलं नाही.

अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम १६ मध्ये प्राधिकरणाचं कामच सांगितलं आहे, की लोक काय खातात आणि त्यातून त्यांना कोणती जोखीम आहे, याची माहिती गोळा करा. राज्यघटनेचं कलम ४७ पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं आद्य कर्तव्य मानतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोग्याला घातक अन्न हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कालाच धोका आहे. म्हणजे आपण मागतो ते उपकार म्हणून मागत नाही. मोजणी करताना आम्हालाही मोजा, एवढंच म्हणतो.

घरात आणि वस्तीत काय करायचं?

• शेंगदाणे सुपात घेऊन उजेडात निवडा. काळे, हिरवट, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे फेकून द्या. एकेक डागी दाणा काढण्याने जेवढं विष कमी होतं, तेवढं भाजण्याने होत नाही. फेकलेले दाणे गाईला, कोंबड्यांना घालू नका. ते अंड्या-दुधातून परत घरात येतात.

• कुटाचा डबा ओल्या चमच्याने उघडू नका. थोडं थोडं कूट करा. धान्य जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, पावसाळ्याआधी कडक ऊन द्या.

• पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या २७ गावांत असं धान्य खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. ते विष अफ्लाटॉक्सिनचंच चुलत भावंड होतं. रेशनवर बुरशीचं धान्य आलं तर तिथेच परत करा आणि तक्रारवहीत लिहा.

• घरी गाय असेल तर पेंड कोरड्या जागी ठेवा. मुरघासाचा वरचा बुरशीचा थर काढून पुरा. डेअरीच्या सभेत विचारा : पेंडीची अफ्लाटॉक्सिन तपासणी होते का? शेवटची कधी झाली?

• दूध बंद करू नका. लेकराला दुधातून मिळणारं पोषण मोठं आहे. भीतीपोटी दूध सोडून चहा-बिस्किटावर ठेवणं हे जास्त नुकसानीचं.

• बाळंतपण दवाखान्यात करा आणि पहिल्या चोवीस तासांत कावीळ-बी ची लस दिली का ते कार्डावर पाहा. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. मोठ्यांनी एकदा रक्त तपासून घ्या. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

• अन्नाबद्दल शंका आली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला १८०० २२२ ३६५ या मोफत क्रमांकावर कळवा. कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परत मिळते. चार घरांनी मिळून एक नमुना द्यायला काय हरकत आहे?

• नवा नियम पक्का करण्याआधी प्राधिकरण त्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी जाहीर करतं. मोठ्या कंपन्या त्यावर लिहितात, आपण लिहीत नाही. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी महिला मंडळाच्या नावाने दोन ओळी तरी पाठवाव्यात. मराठीत पाठवाव्यात.

• घरी खाण्यापिण्याच्या खर्चाचा सरकारी सर्व्हे करायला कोणी आलं, तर लाजून "सगळं खातो" असं सांगू नका. आठवड्यात कितीदा भाजी, कितीदा नुसती चटणी, ते खरं सांगा. त्या कागदावरूनच उद्या कोणाच्या ताटाचा हिशोब धरायचा ते ठरतं.

त्या दिवशी खीर झालीच. कॅन आणणाऱ्या डेअरीवाल्या पोराला मावशीने मात्र सोडलं नाही. "पेंड कुठली घालतोस रं? बुरशीची नाही ना?" असं तिने विचारलं. तो गडबडला, म्हणाला, "काकू, आजवर कोणी विचारलं नाही." मग त्याने पुढच्या सभेत चेअरमनना विचारायचं कबूल केलं.

मावशीला अफ्लाटॉक्सिन हा शब्द अजून उच्चारता येत नाही. पण दोन मापांतलं कोणतं माप आपल्या लेकरांना लागावं, हे विचारायला त्या शब्दाची गरज नव्हती. पुढच्या महिन्यात डेअरीची सभा आहे. तिथे आम्ही पाच जणी जाणार आहोत.